टीव्हीशेजारचा छोटा पीसी आणि नागपूरचा उन्हाळा: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

हॉलमधल्या ५५ इंची ४के टीव्हीला कायम जोडलेला राहील असा छोटा पीसी बांधायचा आहे. कामं दोन: घरचे जुने व्हिडिओ, सिनेमे, गाणी एका जागी आणणं आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून गेम खेळणं. खर्च टीव्ही सोडून लाखाच्या आसपास. आवाज इतका कमी हवा की सिनेमातल्या शांत प्रसंगात पंखा ऐकू येऊ नये. आणि मे महिन्यात दुपारी दोनला सुरू केला तरी चालला पाहिजे.

शेवटची अट मी पहिली धरतोय. छोट्या पीसीच्या ज्या चाचण्या वाचायला मिळतात, त्या बहुतेक २१ ते २५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. हीटसिंक आणि पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. चिप आणि हवा यांच्यातला फरक तेवढा ते आटोक्यात ठेवतात. म्हणजे २३ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर ३८ अंशांच्या हॉलमध्ये ९० ला टेकणार. नागपूरचा विक्रम ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३ चा. घरात तेवढं होत नाही, पण लाइट जाऊन खिडकीतला कूलर बंद पडला की आमचा हॉल ३८ ला सहज पोचतो. म्हणून चाचणीत दिसणाऱ्या प्रत्येक तापमानात सरसकट १५ मिळवून मगच तो भाग यादीत घ्यायचा, असं ठरवलं.

१६ फेब्रुवारी

यादी वॅटपासून सुरू केली. पीसी जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन हॉलमध्येच येते. गेम चालू असताना २५० वॅट म्हणजे हॉलमध्ये अडीच माणसं जास्तीची बसल्यासारखं. शांत बसलेल्या माणसाची उष्णता साधारण १०० वॅट असते. ४०० वॅटचा पीसी डिसेंबरात बरा वाटेल, एप्रिलमध्ये त्याच्याजवळ कोणी बसणार नाही.

ग्राफिक्स कार्डांचे आकडे असे: एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅट, त्याला वेगळी पॉवर केबलही सहसा लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५. ४०६० टीआय ला १६०. एएमडीच्या आरएक्स ७६०० ला १६५. वेगात ४०६० आणि आरएक्स ७६०० जवळजवळ एका पंगतीत बसतात, आणि उष्णतेत ५० वॅटचा फरक. थंड प्रदेशातल्या माणसाने आरएक्स ७६०० घेतलं तर माझं काही म्हणणं नाही, त्याची किंमतही कमी आहे. इथे मला ते ५० वॅट नकोत.

आणखी एक कारण आहे. पुढेमागे लिनक्स टाकायचा विचार आहे. एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ (टीव्हीच्या जोडणीची नवी आवृत्ती) आणण्याचा प्रस्ताव, ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला, त्यामुळे एएमडी कार्ड आणि लिनक्स अशी जोडी टीव्हीला लावली तर पूर्ण रंगांसह ४के १२० हर्ट्झ मिळत नाही. मॉनिटर असता तर डिस्प्लेपोर्टवर प्रश्न सुटला असता. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतो.

४०६० ची एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे ८ जीबी मेमरी. खऱ्या ४के वर नवे गेम तेवढ्यात मावत नाहीत. पण सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. तिथून १४४० रेषांचं चित्र एनव्हिडियाच्या डीएलएसएस तंत्राने ताणून ४के केलं तर मला तरी ते स्वच्छ दिसतं. मित्राच्या घरी जवळपास तेवढ्याच अंतरावरून बघून आलो.

२३ फेब्रुवारी

भाच्याचा फोन अमरावतीहून. "मामा, वेगळं कार्ड कशाला घेता? ८६००जी टाका ना, डब्बा अजून अर्धा होते."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. रायझन ५ ८६००जी मध्ये रेडिऑन ७६०एम आतच असतं, ६५ वॅटच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही. असरॉकचा डेस्कमिनी एक्स६०० हा डबा तर आकारमानाने दोन लिटरच्याही आतला आहे. मुख्यतः सिनेमे बघायचे आणि अधूनमधून हलका गेम खेळायचा, असं घर असेल तर मी हेच सुचवीन. पण आतलं ग्राफिक्स साध्या रॅमवर जगतं. डीडीआर५ ६००० च्या दोन पट्ट्या लावल्या तरी सेकंदाला ९६ जीबी एवढाच डेटा जातो. ४०६० ची स्वतःची मेमरी २७२ जीबी नेते. शिवाय तिकडे ९६ मध्ये प्रोसेसरचाही वाटा आहे. मोठ्या टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम १०८० वर सेटिंग उतरवून खेळायचा, तर एवढा टीव्ही घेतलाच कशाला?

एक गोष्ट त्याला मुद्दाम सांगितली: पुढे कार्ड टाकायचा बेत असेल तर ८५००जी च्या नादी लागू नकोस. ८६००जी ग्राफिक्स स्लॉटला आठ लेन (डेटाच्या वाटा) देतो, ८५००जी फक्त चार.

आमच्यासाठी रायझन ५ ७६०० पक्का. सहा कोर, ३२ एमबी एल३ कॅश, ६५ वॅट. प्रत्यक्षात तो ८८ वॅटपर्यंत जातो. बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) ४५ वॅटच्या इको मोडवर टाकला की कमाल ६१ वॅट. गेममध्ये त्याने फारसा फरक पडत नाही.

२ मार्च

कॅबिनेटवर आठवडाभर वाचन केलं. छोटं म्हणजे किती छोटं, हा इथला खरा प्रश्न.

इनविन चॉपिन ३.३ लिटर, त्यात ग्राफिक्स कार्ड बसतच नाही. फ्रॅक्टल रिज १२.६ लिटर, दिसायला फार देखणं, टीव्हीशेजारी उभं ठेवलं तर एखाद्या कन्सोलसारखं. पण त्यात प्रोसेसरच्या हीटसिंकला ७० मिलिमीटरच उंची मिळते. तेवढ्यात बसणारे हीटसिंक रायझन ७६०० ला चालतात, २३ अंशांच्या खोलीत आवाजही फार करत नाहीत. त्यात १५ अंश मिळवले की पंखा पूर्ण वेगाने फिरणार, आणि लहान पंख्याचा किरकिरा आवाज हॉलमध्ये टोचतो.

कूलर मास्टरचं एनआर२०० हे १८ लिटरच्या थोडं वर. पाय आणि बाहेर आलेले भाग धरून लांबी ३७६, रुंदी १८५, उंची २९२ मिलिमीटर. आत १५५ मिलिमीटरपर्यंत उंच हीटसिंक, वर दोन आणि खाली दोन असे १२० चे पंखे. खालचे पंखे थेट ग्राफिक्स कार्डाच्या तोंडाशी ताजी हवा देतात, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वीस लिटरच्या आत राहून ४५ अंशांच्या शहरात मोकळा श्वास घेईल असं कॅबिनेट मला तरी दुसरं दिसलं नाही. सगळ्यात लहान कॅबिनेट बांधल्याचा आनंद वेगळा असतो, तो मी इथे सोडून देतोय.

टीव्ही युनिटच्या कप्प्यात ते जात नाही. जात असतं तरी ठेवलं नसतं: तीन बाजूंनी बंद कप्प्यात पीसी स्वतःचीच गरम हवा परत ओढतो.

९ मार्च

जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून एनआर२०० च्या मापाचा डबा केला, चिकटपट्टी लावली आणि टीव्ही युनिटच्या उजव्या बाजूला ठेवला. आईने आल्या आल्या विचारलं, "हे इथं कायम राहणार आहे का रे?"

"हो, या मापाचंच राहील."

"मग महालक्ष्म्या कुठं बसवायच्या? डावीकडे घे."

डावीकडे घेतला, आणि तीच जागा योग्य निघाली. उजवीकडे खिडकी आहे आणि एप्रिलपासून जूनपर्यंत तिच्यात कूलर असतो. कूलरच्या ओल्या हवेने पीसीत दव धरेल अशी भीती अनेकांना वाटते. चालू पीसीचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यामुळे तसं होत नाही. खरी अडचण बारीक तुषारांची. ताट्या नव्या असल्या किंवा पंप जोरात असला की हवेबरोबर पाण्याचे कण उडतात. आमचं बोअरचं पाणी जड आहे. कूलरच्या समोरच्या भिंतीवर दरवर्षी पांढरी पुटं चढतात. तेच क्षार बोर्डावर बसले तर निघत नाहीत. डावीकडे कूलरची थंड हवा वळून येते, तुषार येत नाहीत. मुलीने पुठ्ठ्याच्या डब्यावर स्केचपेनने दोन पंखे काढले, आठवडाभर तो तसाच तिथे ठेवला, कोणाच्या पायात येतो का बघायला.

१२ मार्च

बर्डीला (सीताबर्डी बाजारात) चक्कर. दुकानदार ओळखीचे.

"भाऊ, आयटीएक्स बोर्ड इकडे कोणी नेत नाही. एमएटीएक्स घ्या ना, इथल्या इथं काढून देतो. स्वस्त पण पडते."

"कॅबिनेट छोटं आहे, त्यात तो मावत नाही."

"मग मागवून द्यावं लागते. मुंबईहून येईन. आठ-दहा दिवस धरून चाला."

एमएटीएक्स मदरबोर्ड २४४ मिलिमीटरचा चौरस, मिनी-आयटीएक्स १७० चा. लहान असून महाग, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. तेवढ्याच जोडण्या कमी जागेत बसवायच्या म्हणून बोर्डाचे थर वाढतात, आणि माल कमी खपतो म्हणून दुकानात राहत नाही. बी६५० चिपसेटचा वायफायवाला मिनी-आयटीएक्स सांगून आलो. रॅम डीडीआर५ ६०००, १६ च्या दोन पट्ट्या. बोर्डाला दोनच स्लॉट असतात, म्हणून ३२ जीबी एकदाच घेऊन मोकळं व्हायचं. हीटसिंक डीपकूल एजी४००, उंची १५०. म्हणजे कॅबिनेटच्या मर्यादेत पाच मिलिमीटर शिल्लक.

१६ मार्च

आज फक्त विजेचा विचार केला. बहुतेक जण पॉवर सप्लाय शेवटी घेतात, उरलेल्या पैशात. नागपुरात तो आधी ठरवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

एसएफएक्स या छोट्या मापाचा सप्लाय म्हणजे १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. एवढ्याशा डब्यात ६५० वॅट. आमची गरज २५० च्या आसपास, म्हणजे तो निवांत अर्ध्याखाली चालेल, पंखाही सावकाश फिरेल. माहितीपत्रकात एक ओळ आवर्जून बघितली: पूर्ण वॅट कोणत्या तापमानाला मिळतात? काहींवर ४० अंश लिहिलेलं असतं, काहींवर ५०. कॅबिनेटच्या आत एप्रिलमध्ये ४० सहज होतात, त्यामुळे ५० वालाच घ्यायचा.

दुसरी बाजू इन्व्हर्टरची. आमचा साइन वेव्हचा आहे, ९०० व्हीएचा. त्याच्या मागे एक बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. यूपीएस मोडमध्ये साधारण १०. पीसीचा चांगला सप्लाय पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. बटण यूपीएसवर केलं की वेगळा यूपीएस लागत नाही. मात्र त्या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत काटेकोर होतो. १८० च्या खाली गेलं की तो लाइट असूनही बॅटरीवर जातो, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या गल्लीचे एसी सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडतं. शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून संध्याकाळी सात ते दहा मोजून घेतलं: १९५ च्या खाली आलं नाही. चालेल.

खिडकीतला कूलर इन्व्हर्टरवर नाही. म्हणजे लाइट गेली की पीसी सुरू राहील आणि हॉल तापत जाईल. नियम केला: लाइट गेली की गेम सेव्ह करायचा आणि थांबायचं. मुलीला मान्य आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

सामान शुक्रवारी आलं. सकाळी गुढी उभारली, पुरणपोळी झाली आणि दुपारी जुळणीला बसलो.

एनआर२०० ची सगळी जाळीची पानं निघतात, चारही बाजूंनी हात जातो. क्रम असा ठेवला: बोर्डावर प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बाहेरच लावले, मग हीटसिंक, मग बोर्ड आत, मग सप्लाय, सगळ्यात शेवटी ग्राफिक्स कार्ड. या बोर्डाला एसएसडीसाठी एमटूचे दोन स्लॉट आहेत, एक पुढे हीटसिंकखाली, दुसरा पाठीमागे. पाठीमागे वारा अजिबात लागत नाही. म्हणून गेमचा एसएसडी पुढे आणि व्हिडिओंचा मागे. व्हिडिओ वाचायला डिस्क फार राबत नाही.

२४ पिनची केबल सगळ्यात हट्टी. ती रॅम आणि सप्लायच्या मधून वळवताना बोटांची जागा उरत नाही. केबल आधी बोर्डात खोचून, मग सप्लायचे स्क्रू आवळले, तेव्हा बसली.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळा. पंखे फिरतात, चित्र नाही. एएम५ (रायझनच्या या पिढीचा सॉकेट) बोर्ड पहिल्या वेळी रॅमची ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. त्या वेळात घाबरून स्विच बंद केला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. चहा होईपर्यंत हात लावला नाही. मग बायोस दिसलं, मुलीने टाळ्या वाजवल्या.

बिल लाखाच्या थोडं वर गेलं. त्यातला मोठा वाटा कार्डाचा, मग बोर्डाचा.

५ एप्रिल

४के १२० हर्ट्झ लावलं की मध्येच सेकंदभर पडदा काळा होतो आणि परत येतो. ६० वर काही होत नाही. ड्रायव्हर बदलले, टीव्हीचा पोर्ट बदलला. आमच्या टीव्हीच्या चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे आहेत, आणि त्यातल्या एकावर साउंडबार.

दोष केबलचा निघाला. खोक्यावर '८के' मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, पण ते कोणीही छापू शकतं. एचडीएमआय २.१ ला सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत वाहून न्यावं लागतं, जुन्या २.० ला १८ च. ज्या केबलला खरोखर प्रमाणपत्र आहे तिच्या खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी चिठ्ठी आणि स्कॅन करायचा कोड असतो. दोन मीटरची तशी केबल आणली, काळं होणं बंद. लांबी गरजेपुरतीच घ्यावी. या वेगाला पाच मीटर साध्या तांब्याच्या केबलला जड जातात.

टीव्हीत त्या इनपुटला 'पीसी' असं नाव दिल्यावर अक्षरांच्या कडा एकदम नीट झाल्या.

१६ एप्रिल

नवी कार्डं जाहीर झाली. आरटीएक्स ५०६० टीआय ला १८० वॅट, मे महिन्यात येणाऱ्या ५०६० ला १४५. वेग वाढलाय, पण माझ्या वहीत ११५ च्या पुढचं कार्ड बसत नाही. निवड कायम.

२० एप्रिल

शहरात पारा ४४ च्या पुढे. याचसाठी थांबलो होतो.

हॉलमध्ये दोन थर्मामीटर ठेवले, एक सोफ्याजवळ, एक कॅबिनेटच्या खालच्या जाळीपाशी. गेल्या वर्षी मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि हवामान खात्याला नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगावं लागलं होतं. तेव्हापासून तापमान एकाच ठिकाणी मोजून मी समाधानी होत नाही.

कूलर चालू, खिडकी उघडी: जाळीपाशी ३२. शर्यतीचा गेम तासभर, १४४० आणि डीएलएसएस, सेकंदाला ६० फ्रेमवर बांधलेला. प्रोसेसर ६८, कार्ड ६६. सोफ्यावरून पंखा ऐकू येत नाही. खिडकीतल्या कूलरचा आवाज त्याच्या कितीतरी वर आहे.

मग कूलर मुद्दाम बंद केला आणि दुपारी तीनला पुन्हा. जाळीपाशी ३८. प्रोसेसर ७५, कार्ड ७३, पंखे ऐकू यायला लागले पण टोचत नाहीत. फ्रेमची मर्यादा काढली तेव्हा कार्ड ७९ आणि हॉलमध्ये बसवेना. फ्रेम बांधणं हा सगळ्यात स्वस्त थंडावा आहे. ६० फ्रेम पुरेशा असताना कार्ड उरलेल्या वेळात विसावतं, आणि प्लगवरचं मीटर २३० वरून १५० च्या आसपास उतरतं.

१८ मे

यंदा मे महिन्यात अवकाळी पाऊस. हवा दमट, कूलरचा उपयोग शून्य, पण ३३-३४ अंशांत पीसीला काही त्रास नाही. त्यामुळे वेळ व्हिडिओंना दिला.

आमच्या लग्नाच्या आणि मोठ्या बहिणीच्या साखरपुड्याच्या कॅसेट्स मागेच फाइलमध्ये उतरवून घेतल्या होत्या. त्या पाल पद्धतीच्या: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत. टीव्ही ६० हर्ट्झवर असताना त्या लावल्या की वरातीत नाचणारी माणसं अडखळत नाचतात, आणि हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. कोडी या व्हिडिओ प्लेअरमध्ये दोन गोष्टी केल्या. रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलायचं सेटिंग चालू केलं, म्हणजे कॅसेटला टीव्ही आपोआप ५० हर्ट्झवर जातो आणि सिनेमाला २४ वर. आणि डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांची जुळणी, चालू. बहिणीच्या साखरपुड्यात आजोबा पानसुपारीचं तबक घेऊन मांडवात फिरताना दिसतात; आता ते सरळ चालतात, आणि तबकातला अडकित्तासुद्धा ओळखू येतो. आईने तेवढा तुकडा परत परत लावायला सांगितला.

ओटीटी मात्र पीसीवर आणलं नाही. ब्राउझरमधून ४के मिळायला विंडोज, ठरावीक ब्राउझर, एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं संरक्षण) अशा अटी आहेत, आणि लिनक्सवर तर चित्र आणखी खाली येतं. टीव्हीचं स्वतःचं अॅप तेच काम विनासायास करतं, कमी विजेत.

२५ मे

आईची मागणी एकच: "दोन-दोन रिमोट मला नाही समजत रे, एकावरच कर." टीव्हीच्या रिमोटने एचडीएमआयवरून दुसरं उपकरण चालवायची सोय असते, तिला सीईसी म्हणतात, पण पीसीच्या ग्राफिक्स कार्डांत ती नसते. त्यासाठी मधे लावायचा पल्स-एटचा यूएसबी अडॅप्टर मागवलाय. तो पूर्ण वेगाच्या केबलच्या मधे लावला तर १२० हर्ट्झ जाईल, म्हणून तो टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला लावून सीईसीपुरता वापरायचा बेत आहे. जमतं का ते आल्यावर बघू.

खालची जाळी आज काढून धुतली. दोन महिन्यांची धूळ आणि मांजराचे केस, पण पांढरे क्षार नाहीत. जागा बरोबर आहे. पुढची साफसफाई पोळ्याच्या सुमारास, आणि महालक्ष्म्यांसाठी कॅबिनेट हलवावं लागणार नाही.